युद्ध टळले

"दादा, आज काय जुळवतंस? वाच मां," डबा ठेवता ठेवता सुभद्राने विचारले.

जयवंत तीस वर्षे गिरगावातल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. डिलाईल रोडच्या खोलीत त्याच्याकडेच राहणारी ही विधवा बहीण रोज दुपारी डबा घेऊन यायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण भाऊ काय छापतो ते ऐकल्याशिवाय ती जागची हलत नसे. आठवडाभर संयुक्त महाराष्ट्राची पत्रके होती, ती तिने अगदी रंगून ऐकली. आज मात्र शाळेच्या इतिहासाचा धडा होता आणि जयवंतला तो तिच्यापुढे वाचायचा नव्हता.

तरी त्याने वाचले. अडतीस साली हिटलरने शेजारच्या चेक लोकांचा मुलूख मागितला. इंग्रज आणि फ्रेंच म्हणाले, एवढा दिला की तो गप्प बसेल. म्यूनिकला सह्या झाल्या. सहा महिन्यांत त्याने उरलेला देशही घशात घातला, वर्षाच्या आत तो पोलंडवर चालून गेला आणि महायुद्ध पेटले. त्यात लाखो सैनिक कामी आले.

"जमीन ज्यांची, त्यांका घेतल्यानी बैठकीत?"

"नाय गे. भायर बसवन ठेवलेले."

"मगे दुसऱ्याची जमीन दिल्यानी कशी? मुंबय आपली नि ठरवतत दिल्लीत, तसाच ह्या."

अख्खा धडा जयवंतने खिळा खिळा करून जुळवला, पण हा प्रश्न काही त्याला सुचला नव्हता. अडतीस सालीही सुचला नव्हता. तेव्हा वर्तमानपत्राचा 'युद्ध टळले!' हा मथळा त्यानेच मोठाल्या लाकडी अक्षरांत बसवला होता. आपल्या हाताने बसवलेले खोटे कसे असेल? त्याच भरवशावर तो बहिणीला म्हणाला होता, "लढाय होवची नाय आता. धोंडूक पलटणीत जावंदे, पगार बरो आसा." तिचा एकुलता एक मुलगा धोंडू इटलीतल्या लढाईत पडला. त्यानंतर जयवंतने हा विषय कधी काढलाच नव्हता.

"सुभद्रे, तो मथळो माझ्या हातचो," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या झिलाक मीच धाडलंय."

"माका म्हायत आसा. तूच नाय वाचून दाखवलंस? तू फसलंस, मीय फसलंय."

हे ठाऊक असून या बाईने इतकी वर्षे आपल्याला जेवू घातले! एवढे मोठे मन माणसाला मिळते तरी कुठून, त्याला कळेना. त्याची मान आपोआप खाली गेली.

"ह्या लाखोंत माझो धोंडू इलो?" तिने विचारले.

"इलो."

"खंय तां दाखव."

नुकतेच प्रूफ काढलेले, जुळवलेल्या खिळ्यांचे पान टेबलावर तसेच होते, खिळ्यांवरची शाई ओली होती. जयवंतने तिचे बोट धरून 'लाखो'च्या उलट्या अक्षरांवर टेकवले. तिने ते घट्ट दाबले.

"जेवन घे, थंड होतला," एवढे बोलून ती जिना उतरली. काळे झालेले बोट तिने पदराला पुसले नाही. ते जपून वेगळे धरून ती भर उन्हातून घराकडे निघाली.