हॉर्न आणि बेल

निवृत्त झाल्यावर त्या बसड्रायव्हरनं जीपमागे जोडायचं फिरतं घर घेतलं, एक छोटा ट्रेलर. कुणाला ठाऊक नसलेल्या जागा बायकोला दाखवायच्या म्हणून. शोधायचाही झकास: झाडीत बुडालेला बुरूज, गुहेमागचा धबधबा. पण पोचल्या पोचल्या त्याला पुढची जागा खुणावायला लागायची. इंजिन चालूच ठेवून हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा, आणि बायको जरा रमली की हॉर्न! जन्मभर स्टॉपवर थांबला तो असाच. बूड टेकणं त्याला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी एका पडक्या किल्ल्यामागे त्यांना दगडी हौद सापडला. बायको पायऱ्या उतरून गेली. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हॉर्नवर हातच दाबून धरला. पाखरं उडाली, बायको काही आली नाही. तेव्हा तो तणतणत खाली गेला.

ती गार पाण्यात पाय सोडून बसली होती.

"बहिरी झालीस का गं? पुढची जागा राहील ना!"

"तुमच्या बसमध्ये बेल कोण मारायचं हो?"

"कंडक्टर. का?"

"आणि बेल न होताच गाडी हलवायचात?"

"छे! वेड लागलंय का?"

"मग बसा गप. इथली कंडक्टर मी, आणि मी अजून बेल मारलेली नाही."

वर जाऊन त्यानं इंजिन बंद केलं, परत येऊन बूट काढले आणि तिच्या शेजारी टेकला.

उजवा पाय मात्र पाण्यात ॲक्सिलरेटर दाबतच राहिला.