नाव टिमकीचे, लहरी दुसऱ्याच्या

मी एक जुनी वही आहे. मात्र मला शाई लागत नाही, की माझ्या पानांना वाळवी लागत नाही. मी संगणकात राहते. मित्रांनो, सरळ बसा आणि मध्ये बोलू नका. आज मी माझा अपराध सांगणार आहे, आणि तो दोनदा सांगण्याची ताकद माझ्यात नाही.

मेंदूच्या तपासणीच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला घडवले. रुग्णाच्या डोक्याला मलम लावून एकोणीस चकत्या चिकटवल्या, की मेंदूतील बारीक विद्युत हालचाल आकड्यांच्या रूपाने संगणकात उतरते. आकड्यांच्या त्या ढिगातून कोणाला काय कळणार? मी त्यांच्या लहरी काढते, एकीखाली एक, एकोणीस. माऊसने पट्टी सरकवली की दहा सेकंद पुढे जावे, मागे यावे. एखाद्या लहरीचा संशय आला तर ती मोठी करून पाहावी. "ही वही नसती तर मी आंधळीच," असे डॉक्टरीणबाई आल्यागेल्याला सांगत. मला ते ऐकायला आवडे. फार आवडे.

माझ्यात चार कप्पे आहेत. पहिल्यात रुग्णाचे नाव लिहायचे. दुसरा त्या रुग्णाचे आकडे आत घेतो, तिसरा ते स्वच्छ करतो, चौथा चित्र काढतो. कप्पे याच क्रमाने चालवायचे, ही माझ्या घरची शिस्त. कोणता कप्पा कितवा चालला, तो आकडा मी प्रत्येकाच्या शेजारी मांडून ठेवते; रुग्ण बदलला तरी मोजणी पुढेच चालू राहते.

एका सकाळी पहिला रुग्ण होता डोके दुखणारा एक गवंडी. एक, दोन, तीन, चार. त्याच्या लहरी संथ आल्या, तो सुटला. मग एक शिंपीण आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मुलगी इतकी बोलकी की घरी तिला टिमकीच म्हणत.

"हिचं तोंड कधी बंद नसतं हो," आई म्हणाली, "पण मध्येच गप्प होते, भिंतीकडे बघत बसते. हाक मारली तरी ओ देत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, मुद्दाम करते."

टिमकीची तपासणी झाली. बाहेर अकरा माणसे खोळंबली होती. तंत्रज्ञ भाऊंनी पहिल्या कप्प्यात तिचे नाव घातले. "मधले आत्ताच तर चालवलेत," असे पुटपुटत त्यांनी थेट चौथा कप्पा चालवला. वर नाव उमटले टिमकीचे. खाली लहरी त्या गवंड्याच्या.

मला कळत होते. शेजारचे आकडे पाच, दोन, तीन, सहा असे पडले होते; म्हणजे मधले दोन कप्पे गवंड्यानंतर चाललेच नव्हते. मी ते बारीक, करड्या अक्षरांत लिहिले आणि गप्प राहिले. चित्र सुबक आले होते ना!

"काही नाही हो, सगळं छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरीचं लक्ष नसतं, एवढंच."

आईने दारातच टिमकीचा दंड धरला. "बघितलंस? नाटकं सगळी! चल घरी, मग दाखवते तुला."

तीन महिन्यांनी टिमकी परत आली, ती हात प्लॅस्टरमध्ये घालून. पाण्याची कळशी घेऊन जिन्याच्या मधोमध ती थबकली होती आणि खाली कोसळली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने चित्र उघडले आणि त्यांची नजर त्या करड्या आकड्यांवर खिळली.

"भाऊ, इकडे या. हे काय आहे?"

भाऊंचा चेहरा उतरला. "मधले... मधले चालवायचे राहिले, बाई."

बाईंनी तीच जुनी तपासणी पहिल्या कप्प्यापासून पुन्हा चालवली. चौथ्या मिनिटाला एकोणीसच्या एकोणीस लहरी एकदम टोकदार होऊन उसळल्या, नऊ सेकंद उसळत राहिल्या आणि पुन्हा निवल्या. तीन महिने हे सारे माझ्या आवाक्यात पडून होते.

"चूक आमची आहे," बाई आईला म्हणाल्या. "हा आकडीचाच एक प्रकार आहे. तेवढा वेळ तिला भानच नसतं. औषधाने बहुतेक मुलं बरी होतात."

"मी मारलं हो हिला," आई म्हणाली. "याच्यासाठी मारलं."

टिमकी बाईंकडे पाहत होती. "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते?"

"नाही गं राणी."

"मग आईला परत एकदा सांगा. ती रडतेय, तिला नीट ऐकू आलं नसेल."

आता पहिल्या कप्प्यात नाव बदलताच माझे जुने चित्र आपोआप पुसले जाते; बाईंनी तशी सोय केली आहे. टिमकीने खाल्लेला मार मात्र मला पुसता येत नाही. भाऊंनी घाई केली, हे खरे; पण सुबक दिसण्याच्या अभिमानात खोट्याला खऱ्याचा चेहरा देणारी मीच.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारख्या वहीसमोर बसेल. चित्र कितीही देखणे असो, वरचे नाव आणि खालच्या रेषा एकाच माणसाच्या आहेत का, हे पहिल्या कप्प्यापासून तपासा. बाहेर माणसे खोळंबली असतील, तर त्यांना थांबायला सांगा. ती रागावतील. रागावू द्या.