पत्र्यावरचा पंजा

शेडसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. आप्पा वारले त्या आठवड्यातच त्यांनी स्वतः ठोकलेला नवाकोरा, चकचकीत पत्रा चार दिवसांत जुनापुराणा दिसू लागला होता. राखाडी डाग, गंजाचे ओघळ आणि मधोमध तीन बोटांचा तांबूस पंजा! पत्राकाम करताना आप्पांची दोन बोटं कापली गेली होती, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"आत्म्याचा श्वास लागला की लोखंड एका रात्रीत म्हातारं होतं!" आप्पांच्या बायकोकडे बघत महाराज गरजले. वाटीतलं मंतरलेलं पाणी ते जाड बोळ्यानं पत्र्यावर फिरवत होते. "बाई, तो इथंच अडकलाय. घर आमच्या स्वाधीन करा, लेकीकडे राहायला जा. तरच सुटेल तो."

आत्म्याला मुक्ती हवी होती आणि महाराजांना घर. एका दगडात दोन पक्षी!

डॉक्टर लेक संध्याकाळी पोचली, तेव्हा आई त्या पंज्यावर आपला हात टेकवून उभी होती. लेकीच्या अंगावर काटा आला. आता पत्र्यापलीकडून आप्पा खोकतील, असं क्षणभर तिलाही वाटलं. खोटं कशाला सांगायचं, त्यांनी खोकावं असंच वाटलं.

"आई, हात बघू तुझा."

तळव्याची सालं निघाली होती.

"महाराज म्हणतात, त्यांचा जीव जळतोय. त्याची धग आहे ही."

"धग कसली? अ‍ॅसिडनं भाजलंय हे. असे हात दवाखान्यात नेहमी बघते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आप्पांच्या उरलेल्या पत्र्याचा तुकडा सगळ्यांसमोर मांडला. हातात रबरी मोजा चढवला, दोन बोटं मुडपली, पंजा संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून पत्र्यावर दाबला. फसफस झाली.

"नव्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. अ‍ॅसिड तो खातं, मग खालचं लोखंड उघडं पडतं. त्यावर मिठाचं पाणी मारायचं. बस्स, आला म्हातारपणा!"

तिनं तसं पाणीही मारलं. दुपारपर्यंत तुकड्यावर तांबूस पंजा उठला. लेक वळली. "महाराज, तुमच्या वाटीत जरा बोट बुडवून दाखवता?"

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

गर्दी पांगली. पत्र्याकडे बघत लेक म्हणाली, "आणि आप्पांची बोटं डाव्या हाताची गेली होती. हा तर उजवा पंजा आहे!"

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते," आई म्हणाली. "जन्मभर धरलेला हात ओळखणार नाही होय मी?"

"मग गप्प का राहिलीस?"

"ते अजून इथंच आहेत, असं कुणीतरी म्हणत होतं ना गं."

लेकीनं आईचा तळवा मांडीवर घेतला आणि मलम लावत बसली.

गेलेलं माणूस परत यावं असं कुणाला वाटत नाही? त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या दुःखाच्या दाराशी कुणी वाटी घेऊन उभा राहिला, तर रडू आवरायच्या आधी एवढं विचारा: वाटीत काय आहे?