चैतरामचा आरा

मी एक आरा बोलतोय. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचा तो आरा नव्हे. मी पेट्रोलवर चालतो, माझे दात साखळीवर बसवलेले आहेत, आणि मध्य प्रदेशात, बालाघाटच्या बाजूला मला सगळे 'मशीनचा आरा' म्हणत आले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. लाकडी खोक्यात, भुशात पुरलेला असा मी मुंबईला उतरलो आणि गोंदियाहून छोट्या रेल्वेने बालाघाटला आलो. साल एकसष्ट होतं. हिरालाल नावाच्या लाकडाच्या ठेकेदाराने मला मागवलं होतं. त्याच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, खोकं उघडलं तेव्हा वीसेक माणसं गोळा झाली.

त्या गर्दीत मागे दोन भाऊ उभे होते, चैतराम आणि पुनाराम. किरनापुरजवळच्या खेड्यातले. बारा वर्षं दोघांनी एकच आरा ओढला होता, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मला मात्र एकच माणूस पुरतो. हिरालालने थोरल्या चैतरामला ठेवलं आणि पुनारामला घरी पाठवलं. हातातल्या आऱ्याला पुनारामने गोणपाट गुंडाळलं आणि बसस्टँडची वाट धरली. मी कोणाची जागा घ्यायला आलोय, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं वर्षभर चैतराम माझ्यावर रागच धरून होता. बैहरच्या जंगलात तो मला खांद्यावरून असा न्यायचा, जसं दुसऱ्याचं ओझं नेतोय. कानाला ओला गमछा बांधायचा. झाड पडायला आलं की मला बंद करायचा आणि मान तिरकी करून ऐकत राहायचा. झाड कुठल्या बाजूला जाणार ते आवाजावरून कळतं म्हणे. माझ्या गडगडाटात त्याला ते ऐकू येत नसे. हळूहळू त्याचा राग गेला. माणूस रोज ज्या गोष्टीला हात लावतो तिच्यावर फार दिवस रागावून राहू शकत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

मग एकदा टालीवरच्या कोणीतरी माझ्या टाकीत नुसतं पेट्रोल भरलं. माझ्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. अर्ध्या तासात मी आतून जळालो आणि जागच्या जागी जाम झालो. मुंबईला पत्र गेलं. सुटे भाग यायला सहा महिने लागतील, असं उत्तर आलं. तेव्हा चैतरामनेच डोमाजी फिटरचं नाव काढलं.

डोमाजी मूळचे भंडाऱ्याकडचे. तिरोडीच्या मँगनीज खाणीत बरीच वर्षं कॉम्प्रेसर आणि ड्रिल दुरुस्त करत होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि पुढे खाण सोडून बालाघाटात त्यांनी स्वतःची टिनाची शेड टाकली. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर, दुसरीवर पाने आणि पकडी मापाप्रमाणे टांगलेल्या. सायकली, पाण्याचे पंप, धानगिरणीची इंजिनं अशी कामं यायची. माझ्यासारखा आरा त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

त्यांनी मला लगेच हात लावला नाही. दोन दिवस नुसतं पाहिलं. मग एकेक भाग काढून जुन्या धोतरावर ओळीने मांडला, आणि प्रत्येकाचं चित्र एका वहीत काढून खाली मराठीत लिहिलं, हा कशावर बसतो, कोणत्या बाजूने.

"याले कोणी बिघडवलं नाही," ते चैतरामला म्हणाले. "याले उपाशी ठेवलं."

जुन्या मोटारसायकलच्या पिस्टनची रिंग कानशीने घासून घासून त्यांनी माझ्या मापाची केली. शेवंताबाई, म्हणजे त्यांची बायको, दुपारी डबा घेऊन यायची आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू द्यायची नाही. महिन्याभराने त्यांनी माझी दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मी बोललो. शेड निळ्या धुराने भरली आणि शेजारपाजारचे लोक धावत बाहेर आले. डोमाजी हसत नव्हते. डोळे मिटून माझा आवाज ऐकत होते.

त्यानंतर जिल्ह्यात जे चार-पाच मशीनचे आरे होते, ते सगळे त्यांच्याकडेच येऊ लागले. मी दरवर्षी यायचो. मराठी मी त्या शेडमध्येच शिकलो.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात माझ्या साखळीची एक कडी तुटली. डोमाजींनी ड्रिलच्या पोलादातून नवी कडी घडवली, रिवेट ठोकून बसवली, आणि मग भिंग घेऊन बाकीची साखळी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. बाहेर हिरालालची जीप उभी होती, जंगलतोडीच्या ठेक्याची मुदत संपत आली होती, आणि ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता.

"कडी बसवून देली," डोमाजी म्हणाले. "पण बाकी साखळी घासून गेली, चैतराम. नवी येईपर्यंत मोठ्या झाडाले लावू नोको."

"हौ भाऊ," चैतराम म्हणाला आणि मला उचललं.

चौथ्या दिवशी हिरालालने एक जुनं बीजाचं, म्हणजे बिबल्याचं, झाड दाखवलं. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. चैतरामने डोमाजींचा निरोप सांगितला. साखळी जोडून आणली ना, मग आता काय, असं हिरालाल म्हणाला. चैतरामने थोडा वेळ झाडाच्या सालीवर हात ठेवला, आणि मला सुरू केलं.

निम्म्यावर गेलो आणि माझी साखळी तुटली. चाबकासारखी उलटून ती त्याच्या मांडीवर बसली.

ट्रकमध्ये त्याला घोंगडीवर निजवलं आणि मला त्याच्या पायाशी टाकलं. रस्ता लांब होता. गमछा करकचून बांधला होता, तरी घोंगडी भिजत गेली. घाट उतरताना तो बोलायला लागला. वेदनेने नव्हे, अगदी कामातलं बोलावं तसं. "पुना, तुह्या बाजूनं ओढ. ढिला नोको सोडू." दोन-तीनदा म्हणाला. सोबतचे मजूर पुढे ड्रायव्हरजवळ होते. ऐकणारा मी एकटाच. बालाघाट यायच्या आधीच तो थांबला.

डोमाजी फिटरने लावलेली कडी उघडली, असं टालीवर कोणीतरी म्हणालं, आणि आठवड्यात गावभर तेच झालं. ते खरं नव्हतं. त्यांची कडी शाबूत होती. तिच्यापासून सात कड्या पलीकडे, कारखान्यातूनच आलेली जुनी कडी तुटली होती. पण साखळी जंगलात पडून राहिली होती आणि मला जीभ नव्हती.

डोमाजी साखळी शोधायला बसने बैहरकडे गेले. तोवर त्या जागेवरून वणवा गेला होता. दोन दिवस ते राख चाळत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. मग किरनापुरला गेले, चैतरामच्या बायकोकडे, जिजाबाईकडे. कडी मीच बसवली होती, असं त्यांनी तिला स्वतःहून सांगितलं. तिने त्यांना पाणी दिलं. भांडली नाही. शेवटी तो काही बोलला का, एवढंच विचारलं. डोमाजींना ठाऊक नव्हतं.

हे सगळं परत आल्यावर ते शेवंताबाईला सांगत होते. मी समोरच टेबलावर होतो. हिरालालने मला त्यांच्याकडे टाकून दिलं होतं.

"तुमचीच कडी तुटली असं काहून धरता?" शेवंताबाई म्हणाली. "पाह्यली का तुमी?"

"माही तुटली का दुसरी, त्यानं काय होते?" डोमाजी म्हणाले. "साखळी खराब आहे हे मले माहीत होतं. माहीत असून त्याच्या हातात देली."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, एक वाक्य बोलता आलं तर मी या माणसाला सोडवीन. त्या दिवशी कळलं, माझं ते वाक्य त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

पुढे त्यांनी एक नेम केला. जो आरा येईल त्याची साखळी आधी तपासायची, आणि घासलेली असली तर ऐरणीवर ठेवून छिन्नीने तिचे तुकडे करायचे. मालक चिडायचे, ओरडायचे. डोमाजी तुकडे कागदात बांधून त्यांच्या हातात द्यायचे. वर्षभरात सगळे आरे गोंदियाला जाऊ लागले. डोमाजींकडे पुन्हा सायकली आणि पंप उरले.

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. एका हिवाळ्यात मला पुन्हा पूर्ण उघडलं, प्रत्येक स्क्रू रॉकेलात धुतला, गंज काढला, मुंबईहून मागवलेली नवी साखळी चढवली. सगळं बसवून झाल्यावर टाकीत पेट्रोल घातलं नाही. शेवंताबाईने विचारलं, चालते का. "चालते," ते म्हणाले. न चालवता कसं कळलं, असं तिने विचारलं नाही. तेव्हा त्यांचा खोकला वाढला होता; खाणीची धूळ छातीत होती. चौऱ्याहत्तरच्या थंडीत ते गेले.

शेवंताबाईने शेड रिकामी करून खैरलांजीला आपल्या भावाकडे जायचं ठरवलं, तेव्हा तिच्याकडे माझ्यासाठी एक नवा ठेकेदार आला होता. तिने त्याला परत पाठवलं आणि पुनारामला पत्र घातलं.

पुनाराम आला. केस पिकले होते. माझ्याजवळ आला आणि मुठीवर हात ठेवला. मुठीचं रबर एका जागी झिजलेलं आहे, अंगठ्याच्या खाली. डोमाजींनी सगळं नवं केलं, तेवढं रबर बदललं नव्हतं.

"इथं तुमच्या भावाचा हात राह्यचा," शेवंताबाई म्हणाली. "घेऊन जा. फोडायचा तर फोडून टाका."

पुनारामने मला फोडलं नाही. किरनापुरला नेलं. जिजाबाईच्या घरात मला कोणी आत घेतलं नाही, आणि बाहेरही टाकलं नाही. ओसरीवर, धानाच्या कणगीजवळ मी आहे. तीन वर्षं झाली. ती सारवताना मला उचलते, सारवून झालं की पुन्हा तिथेच ठेवते.

माझं एकच मागणं आहे. त्या घरावरून जाणारे लोक ओसरीवर टेकतात, पाणी मागतात, आणि पाणी पिता पिता माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, बाई, हे काय आहे. तुम्ही कधी तिकडे गेलात तर पाणी प्या, धान कसं झालं ते विचारा. माझ्याबद्दल तिला विचारू नका. ती दरवेळी खरं सांगते.