मशीनमधला नागनाथ

"बस्सी गावाला होतो," नागनाथ मोहोळकर म्हणाला. "मेहुण्याच्या मुलाचं बारसं था, साहब."

"वो तो ठीक है," चौकशी अधिकारी म्हणाले, "लेकिन मशीन कहती है, आप यहाँ थे."

चौकशी अधिकारी म्हणजे लोढासाहेबांचे साडू, निवृत्त तहसीलदार. लोढासाहेब म्हणजे जयपूरच्या मालवीय नगरातल्या या कॉम्प्युटर सेंटरचे मालक. ज्यांना स्वतःचा कॉम्प्युटर परवडत नसे, त्यांची कामे हे सेंटर करून देई. एका गिरणीचे पगार, काही वसाहतींची पाण्याची बिले आणि एका खासगी नर्सिंग परीक्षेचे निकाल. त्या निकालात एका मुलीचे अठ्ठावीस गुण एका संध्याकाळी अठ्ठावन्न झाले होते. पुढेमागे तिच्या वॉर्डात पडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक बराच मोठा होता.

मशीनमध्ये कुणी काही फेरफार केला की त्यापुढे करणाऱ्याचे नाव आपोआप छापले जाई. त्या फेरफारापुढे नागनाथ असे छापले होते.

आता गंमत अशी, की मशीन रोज नागनाथच छापी. तीन वर्षांपूर्वी मशीन बसवायला दिल्लीहून इंजिनिअर आला, तेव्हा शिकून तयार झालेला माणूस एकटा नागनाथ होता. इंजिनिअरने त्याचे नाव आत घातले, "बाकी नाम अगले हफ्ते" असे सांगितले आणि तो गेला. तो पुढचा आठवडा अजून उजाडायचा होता. तेव्हापासून सेंटरमधली पाचही माणसे मशीनपुरती नागनाथ होती. नागनाथ पगार काढी, नागनाथ बिले छापी, जेवणाच्या सुट्टीतही नागनाथ तीन पडद्यांवर एकदम बसलेला असे. इतका कामसू माणूस अख्ख्या जयपुरात नव्हता. खरा नागनाथ त्या मानाने सामान्यच होता. त्याला दुपारी डुलकी येई.

नावापाठोपाठ मशीन एक गुप्त शब्द विचारी. तो नागनाथने असा निवडला होता, की इथल्या कुणाला सुचणार नाही आणि आपण विसरणार नाही. तो शब्द होता शालन. त्याच्या बायकोचे नाव. वडील रेल्वेत बदली होऊन सोलापूरकडून इथे आले, नागनाथ इथेच वाढला, त्याच्या मराठीत 'मतलब' आणि 'जी' शिरले, पण घरातले एक वळण तसेच राहिले होते. वडिलांनी आईला कधी नावाने हाक मारली नव्हती, नागनाथनेही बायकोला मारली नाही. "ऐकलंस का" एवढ्यावर संसार चालला होता, आणि ती ऐकत होती.

मशीन बसल्यावर महिन्याभरातच तो शब्द घराबाहेर पडला, तो तापात. नागनाथ चार दिवस अंथरुणावर होता आणि पगाराचे काम अडले होते. लोढासाहेबांनी सेंटरमधल्या शेखावतला स्कूटरवरून राजा पार्कला त्याच्या घरी धाडले. शेखावत पलंगाशी बसला. शालन नवऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवत होती.

"भाईसाब, बस वो शब्द बता दो."

नागनाथने बायकोकडे पाहिले. तिच्यादेखत तिचे नाव घ्यायचे कसे?

"ऐकलंस का, चहा टाक."

"आत्ताच दिला की त्येंना."

"परत टाक."

ती आत गेल्यावर त्याने शेखावतच्या कानात नाव सांगितले. शेखावतने ते दोनदा घोळवून पाहिले. "कोई देवी हैं आपकी तरफ की?"

"हां," नागनाथ म्हणाला. ताप एकशेतीनच्या पुढे होता.

मग शेखावतने ते खंडेलवालला सांगितले, खंडेलवालने बाकी दोघांना. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तसेच ते होते. खंडेलवाल देवभक्त. शब्द ठोकण्यापूर्वी तो हात जोडी. "शालन लगाओ, भाई," अशी सकाळी आरोळी होई आणि दिवस सुरू होई. नागनाथला पहिले काही दिवस कानकोंडे झाल्यासारखे वाटले. नंतर सवय झाली.

"मान लिया, आप बस्सी में थे," तहसीलदारसाहेब आता म्हणत होते. "फिर आपके नाम से कौन बैठा? शब्द और किसको मालूम है?"

"सबको," नागनाथ म्हणाला.

साहेबांनी भिंतीशी बसलेल्या चौघांकडे पाहिले. चौघांनी फरशीकडे पाहिले. मालूम आहे म्हणावे तर त्या संध्याकाळी तू कुठे होतास हा पुढचा प्रश्न ठेवलेलाच होता.

"हमें कैसे मालूम होगा, सर," शेखावत शेवटी म्हणाला. "सुबह नागनाथजी लगा देते हैं, हम काम करते हैं."

नागनाथने त्याच्याकडे पाहिले.  हे पाप त्याचे नसावे असे नागनाथला वाटले. पण चौघांतल्या कुणाचे तरी होते, आणि ते ज्याचे होते तोही इतरांइतकाच भेदरलेला दिसत होता. नोकरी जाईल हे नागनाथला कळून चुकले होते. त्याला भीती वाटत होती ती नावाची. कामचुकार म्हटले असते तर चालले असते. पण गुण विकणारा?

"गवाह है कोई?"

"बायको आहे. बाहर बैठी है."

शालन पदर सावरत आत आली. बसा म्हणाले तरी बसली नाही.

"आपका नाम?"

"शालन."

चार माना एकदम वर झाल्या. खंडेलवालचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच घोटाळले. 

तहसीलदारसाहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी चारही चेहरे सावकाश न्याहाळले.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं, सर," शेखावत म्हणाला.

साहेबांनी कागद पुढे ओढला. नोकरीत असताना त्यांनी अशा खूप माना वर होताना पाहिल्या असतील. माना वर झाल्या याचा पुरावा करता येत नाही, आणि पाचही माणसे काढली तर साडूचे सेंटर बंद पडते, हेही त्यांना कळत होते. बारशाला नवरा होता असे शालनने शपथेवर सांगितले. पत्नी आणि नातेवाईक दुसरे काय सांगणार, असे साहेब म्हणाले. मग त्यांनी निकाल दिला. गुण कुणी बदलले ते ठरवता येत नाही. नाव मात्र नागनाथचे आहे, आणि आपले नाव सांभाळणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. यात चुकीचे काही नव्हते. तेच तर वाईट होते.

सायकल स्टँडपाशी शेखावत मागून आला.

"भाईसाब, दो बेटियाँ हैं मेरी."

"माहीत आहे," नागनाथ मराठीतच म्हणाला आणि चालू लागला.

बसमध्ये शालन खिडकीशी बसली. "माझं नाव ऐकून ती माणसं तशी का बघाय लागली?"

त्याने सांगितले. सांगायला राजा पार्क येईपर्यंत वेळ लागला, कारण मधले बरेचसे तो गाळत होता आणि ती ते विचारून घेत होती.

"देवी?" ती म्हणाली.

"ताप होता मला. मतलब..."

"तीन वर्सं रोज हाक मारत हुते म्हणा." ती उतरण्यासाठी उठली. "परकी माणसं. आन् तुमी?"

नागनाथ तिच्यामागून उतरला.

पुढे नागनाथ एका कोचिंग क्लासमध्ये पेपर टाइप करू लागला. तिथे कुणी नाव विचारत नसे. "टाइपबाबू" एवढे पुरे होते. थंडी सरता सरता घरी पाण्याचे बिल आले. सवयीने त्याची नजर आधी तळाशी गेली. तिथे गेल्या आठवड्याची तारीख होती आणि तिच्यापुढे, बिल तयार करणाऱ्याच्या जागी, नागनाथ होता.

तो बिल धरून बसला. शालनने मागून डोकावून पाहिले.

"काढलं न्हाई तुमाला?"

"मला काढलं. नाव काढायला दिल्लीहून माणूस यावा लागतो."

"मग शब्द बी त्योच असंल."

"तोच असणार."

 बिलाची घडी करून तिने फळीवरच्या डब्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सेंटर उघडायच्या वेळेला, ती पोळ्या लाटत होती. लाटणे मध्येच थांबले. कुणी हाक मारावी तशी तिने मान वळवून दाराकडे पाहिले. दारात कुणी नव्हते.

नागनाथ नळाखाली बादली लावून उभा होता. त्याला ते दिसले. नाव अगदी ओठांवर आले. साधी तीन अक्षरे. चार परकी माणसे या क्षणी तीच ठोकत असतील.

"ऐकलंस का," तो म्हणाला, "बादली भरली."