फुंकरबाबांची बाही

हॉल खच्चून भरला होता. फुंकरबाबा एकेकाच्या अंगावर हात फिरवायचे, डोळे फिरवायचे, फू करायचे आणि चिमटीत लालभडक ओली गाठ धरून वर करायचे. ना सुरी, ना जखम. रांगेत बायकोसोबत उभे असलेले शिंपीमास्तरही सगळ्यांसारखेच आ वासून बघत होते, कारण त्यांनाही गाठ होती आणि ती भलत्याच ठिकाणी होती.

ठिकाण सांगायला हवंच, लाजून कसं चालेल? लिंगावर. शर्टाच्या बटणाएवढी, न दुखणारी, पण चार महिन्यांत वाढलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की क्वचित अशी गाठ कॅन्सरची निघते, तेव्हा तुकडा काढून तपासायलाच हवा. तेव्हापासून मास्तर दवाखान्याची गल्ली टाळून लांबच्या वळणाने दुकानात जात होते.

दारात चेल्याने चिठ्ठी भरायला दिली. मास्तरांनी 'गाठ' एवढंच लिहिलं, कुठे ते लिहायला हात धजेना. बाबांना सगळं दिसतं म्हणे, तर शोधू देत की त्यांनाच.

बाबांना ती पोटात दिसली. नाभीच्या डावीकडे, तीन जन्मांची जुनी. फू केलं आणि गाठ मास्तरांच्या तळहातावर ठेवली. बायकोने हात जोडले. मास्तरांनी मात्र सवयीने उलटी करून शिवण बघितली. शेवटी तीन उलटे टाके होते. असे टाके गावात एकच माणूस घालायचा, आणि गेल्याच आठवड्यात हा चेला त्याच्याकडून स्पंज भरलेल्या शंभर चिमुकल्या पिशव्या घेऊन गेला होता, बाहुल्यांच्या उशा म्हणून.

"बाबा, ही तर माझी शिवण," मास्तर म्हणाले.

बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बाळा, तुझ्याच अंगातली गाठ, मग शिवण दुसऱ्या कुणाची असणार?"

निम्म्या हॉलने माना डोलावल्या, बायकोनेसुद्धा. आता गप्प बसलं तर लाज वाचत होती, पण गाठ वाढत राहणार होती. मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"पोट माझं ठणठणीत आहे. गाठ लिंगावर आहे आणि अजून तिथंच आहे."

मास्तरांनी बाबांची बाही धरून उलटी केली. दुहेरी अस्तर, आत चोरखिसा, आणि त्यातून लाल रंगात भिजलेल्या नऊ उशा टपाटप खाली पडल्या. अस्तराची गचाळ शिलाई आपली नव्हे, हे मास्तरांनी सगळ्यांना आवर्जून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मास्तर पडद्याआड अवघडून उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही माझ्या पँटचं माप घेता, तेव्हा मी लाजतो का?" डॉक्टर म्हणाले.

तुकडा तपासला, एमआरआय झाला. मऊ ऊतींचा दुर्मिळ कॅन्सरच निघाला, पण लहान, कातडीलगतचा, न पसरलेला. सर्जनने तो भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट काढला. कापताना कडेने जागा का सोडायची, हे मास्तरांना समजवावं लागलं नाही. खोल गेला असता तर ऑपरेशन मोठं झालं असतं आणि तरी भरवसा नव्हता. आता आशा चांगली आहे, फक्त तपासण्या चुकवायच्या नाहीत.

हल्ली मास्तर माप घेता घेता प्रत्येकाला सांगतात, की अंगावर कुठेही गाठ दिसली तर डॉक्टरला दाखवा. गाठ कुठे आहे हे जो विचारतही नाही, तो बाबा ती बरी काय करणार? गिऱ्हाइकं हसतात. परवा एक जण हसता हसता गप्प झाला. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, दुकान बंद केलं आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेले, जवळच्या वाटेने.