मान टाकणारं आरोग्यकमळ

सोमवारी सकाळी साजगावच्या रस्त्याला रिक्षांत माणसं कमी आणि कुंड्या जास्त दिसायच्या. प्रत्येकाच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली एक कुंडी, आणि तिच्यातलं झाड मान टाकून पडलेलं. सगळे निघालेले लग्नाच्या हॉलवर, हरितानंद बाबांकडे. दुपारी तीच माणसं परतायची तेव्हा झाडं ताठ उभी, वर पांढरं फूल, आणि चेहऱ्यांवर असा आनंद की विचारू नका.

बाबा त्या झाडाला म्हणायचे आरोग्यकमळ. ते घराच्या आत ठेवायचं. झाड उभं, तर माणूस निरोगी. झाडानं मान टाकली, तर रोग शिरला. नळाचं पाणी घातलंत तर कोप! फक्त सोमवारी, बाबांच्या हातचं तीर्थ. आणि घरात झाड असताना औषध घेणं म्हणजे झाडावर अविश्वास. बाबांकडे जातपात नव्हती हे मात्र मानलं पाहिजे. हिंदूंना तीर्थ, आम्हा मुसलमानांना दुवा फुंकून दम केलेलं पाणी, बाटली एकच. माझी चुलतबहीण तस्लीमही एक कुंडी घेऊन आली होती.

मी झोहरा. कुंभिवलीला हायवेला लागून माझी नर्सरी आहे. सुंदरा बारा वर्षं माझ्याकडे कामाला आहे, रोज चारशे कुंड्यांना पाणी घालते. तिला साखरेचा आजार. सकाळी पोटाला इन्शुलिनची सुई टोचायची, भाकरी खायची आणि कामावर यायचं, हा तिचा नेम. एक दिवस बघते तर बाई लंगडतेय, आणि एवढ्या उकाड्यात एका पायात मोजा.

"काय गं झालं पायाला?"

"काय नाय गं भाभी. अंगठ्याला जरा लागलंय. बरं होईल."

"सुई घेतेस ना?"

ती झारी उचलून दुसऱ्या रांगेत गेली. मी पाठ सोडली नाही, तेव्हा बोलली, "तीन आठवडे झाले सोडून. माझं कमळ उभं हाय."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. खिडकीत लाल कापडातलं आरोग्यकमळ. बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. अहो, ती पीस लिली होती! माझ्याच नर्सरीतली, कुंडीवर माझ्याच खडूची खूण.

"सुंदरा, या लिलीला तू रोज पाणी घालतेस गं! पाणी चुकलं की ती मान टाकते, हे तूच नव्या पोरींना शिकवतेस!"

"ते नर्सरीतलं, भाभी. हे बाबांचं हाय."

मी कपाळावर हात मारला. आणि तेवढ्यात आठवलं, दोन महिन्यांपूर्वी एक माणूस टेंपो घेऊन आला होता. गिऱ्हाईक विचारतं, कोणतं झाड जास्त टिकेल? या पठ्ठ्यानं विचारलं होतं, "कोणतं झाड मेल्यासारखं पडतं आणि परत उठतं?" आणि मी शहाणी! मीच लिली दाखवली, मीच सगळं समजावून सांगितलं. टेंपोभर झाडं विकली म्हणून त्या दिवशी खूश होते. आता माझ्या त्या शहाणपणापायी सुंदराचा पाय सडत होता. मला माझीच लाज वाटली.

समजावूनही ती ऐकेना. तिचा मुलगा, त्याचं नाव नवीन, कंपनीत कामाला; तोही आईपुढे थकला. मग मी नर्सरीतल्या सहा लिल्यांचं पाणी तोडलं. सोमवारपर्यंत सहाही लोळल्या. लाल कापडात गुंडाळून, सुंदराला शेजारी बसवून रिक्षानं हॉल गाठला.

बाबा आले. हिरवी कफनी, हिरवा चष्मा, बुटांचे बंदसुद्धा हिरवे.

"भक्तहो, वनस्पती बोलते! कान बंद आहेत तुमचे! गोळी म्हणजे काय? विष! सुई म्हणजे काय? विषाची नळी! या कमळानं कधी गोळी खाल्ली?"

"नाही!" हॉल गरजला.

कुंड्यांत तीर्थ पडलं आणि भजन सुरू झालं. भजन नेहमी अडीच तास चालायचं. बाबांची भक्ती दांडगी म्हणून नव्हे हो, सुकलेल्या लिलीला पाणी चढायला तेवढा वेळ लागतो म्हणून!

मी तीर्थ घेतलं नाही. चहाच्या टेबलाखाली कप विसळायची बादली होती. सुंदराच्या आणि तिथंच आलेल्या तस्लीमच्या डोळ्यांदेखत त्यातलं गढूळ पाणी पाच कुंड्यांना घातलं. सहावी तशीच कोरडी ठेवली.

"भाभी, पाप लागंल," सुंदरा पुटपुटली.

भजन संपलं. सगळ्यांची झाडं उभी, माझी पाचही उभी. मी उठले.

"बाबा, माझ्या झाडांनी तीर्थ घेतलंच नाही. कप विसळलेलं पाणी प्यायली. मग कशी हो उठली?"

पण बाबा पोचलेला! हसला. "माई, या हॉलच्या हवेतच तीर्थ आहे. तुझ्यावरही कृपा झाली."

आणि लोकांनी माना डोलावल्या! लिल्या बऱ्या, त्या निदान पाण्यासाठी तरी मान टाकतात.

"असं?" मी सहावी कुंडी डोक्यावर धरली. पानं माझ्या कानांवर लोंबत होती. "हीसुद्धा इथंच होती. अडीच तास हीच हवा, हेच भजन. ही का नाही उठली?"

बाबा म्हणाला, "त्यात... त्यात तुझं पाप आहे."

सुंदरा उठली. लंगडत माझ्याकडे आली, मी कुंडी खाली घेतली. बारा वर्षांची सवय, तिनं बोट मातीत खुपसलं.

"पाप कसलं," ती म्हणाली, "कोरडी ठाक हाय ही. तहानलीय बिचारी."

मग मला जोर आला. सगळ्यांना सांगितलं, "ते पांढरं दिसतं ना, ते फूलसुद्धा नव्हे, पान आहे. मधली दांडी तेवढी फुलांची. आणि लवकर फुलावी म्हणून आम्ही नर्सरीवाले तिच्यावर औषध फवारतो. गोळी खाल्ली नाही म्हणे! तुमचं औषध बंद करणाऱ्या या कमळाला बहर औषधानंच आलाय!"

बाबा मागच्या दारानं निघाला होता, पण तिथं आमच्यामागून आलेला सुंदराचा नवीन वाट अडवून उभा होता. पोलिसांत तक्रार झाली, पहिली सही तस्लीमची.

नवीननं आईला तिथूनच खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. मोजा काढला तेव्हा मला बघवेना. अंगठा कापावा लागला. आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता सुंदरा स्टुलावर बसून झारी चालवते. लिली अजून तिच्या खिडकीत आहे, लाल कापड काढलेलं. सकाळी आधी स्वतःला सुई, मग तिला पाणी.

"तिला पाणी लागतं, मला इन्शुलिन. एवढं सोपं होतं गं भाभी," परवा ती म्हणाली आणि रडली. मीही रडले.

वाचणाऱ्यांनो, घरात लिली जरूर ठेवा. खिडकीजवळ, पण कडक उन्हात नको. पाणी कुणाचंही चालेल. आणि कुणी तिच्या नावानं तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर नमस्कार करण्याआधी मातीत बोट घालून बघा. सुंदरानं तीन आठवडे आधी घातलं असतं, तर आज तिच्या पायाला पाच बोटं असती.